फिशटँकचा बॅकग्राऊंड घरी बनवताय? कोणती वस्तू पाण्यात चालते, कोणती नाही

थर्माकोल कोरायचा, त्यावर सिमेंटचा हात फिरवायचा आणि फिशटँकच्या मागच्या काचेला खडकाची भिंत उभी करायची, असे व्हिडिओ सध्या भरपूर दिसतात. व्हिडिओ दोन मिनिटांत संपतो. सिमेंट पाण्यात मुरायला लागणारे तीन-चार आठवडे त्यात दिसत नाहीत, आणि घाईत सोडलेले मासे दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसतात तेही कोणी दाखवत नाही.

संगमनेरसारख्या गावात या कामाचे बहुतेक सामान हाताशी असते. प्रवरेचे गोटे, हार्डवेअरच्या दुकानातले सिमेंट आणि सिलिकॉन, फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल, फरशीचे तुकडे. यातले काय टाकीत घालावे, काय बाहेर ठेवावे आणि घालण्याआधी ते कसे तपासावे, याची ही माहिती.

थोडक्यात

• पहिल्यांदाच करत असाल तर बॅकग्राऊंड टाकीच्या बाहेर, काचेच्या मागे लावा. तिथे जवळपास कोणतीही वस्तू चालते.
• आत लावायचा असेल तर काळा पाषाण, बिनरंगी भाजलेली माती, सिमेंटने झाकलेला थर्माकोल आणि बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन हे भरवशाचे पर्याय आहेत.
• प्लास्टर ऑफ पॅरिस, ऑइल पेंट, बाहेरच्या भिंतीचा रंग, बाथरूमचे सिलिकॉन आणि पांढरा फेविकॉल टाकीत नको.
• कोणतीही वस्तू आधी बादलीत ठेवून तपासा. पाकिटावर काय लिहिले आहे यापेक्षा बादलीतले पाणी जास्त खरे सांगते.

हाताला चालते ते माशाला का चालत नाही?

आपण रंगवलेल्या भिंतीजवळ बसतो, पण ती भिंत आपल्या रक्तात उतरत नाही. माशाचे तसे नसते. त्याच्या कल्ल्यांवरून दिवसरात्र पाणी वाहत असते आणि कल्ल्यांची त्वचा इतकी पातळ असते की पाण्यात विरघळलेला प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात जातो. त्याच वाटेने पाण्यात उतरलेली रसायनेही जातात. शिवाय नदीत पाणी पुढे वाहून जाते, टाकीत तेच पाणी फिरत राहते. दोन फुटी टाकीत, म्हणजे ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत, काठोकाठ भरले तरी ५४ लिटरच पाणी मावते. रोज थोडे थोडे झिरपणारे रसायन तिथे साठत जाते.

धोका तीन प्रकारचा असतो. काही वस्तू थेट विष सोडतात, उदाहरणार्थ तांबे, बुरशीनाशक किंवा थिनर. काही वस्तू विषारी नसतात, पण पाण्याचा पीएच आणि जडपणा बदलतात, उदाहरणार्थ चुना आणि ओले सिमेंट. काही वस्तू पाण्यात कुजतात किंवा त्यांचे तुकडे पडतात आणि मासे ते गिळतात.

आधी ठरवा: आत की बाहेर?

हा निर्णय बरोबर घेतला की निम्मी काळजी मिटते. मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद निळा कागद चिकटवला तरी माशांचे रंग उठून दिसतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला काळा अ‍ॅक्रिलिक रंग दिला तर तो पुढे ब्लेडने खरवडूनही काढता येतो.

खडकाची खोली हवी असेल तर गणपतीच्या मखराची युक्ती वापरा. टाकीच्या मागे चार-पाच इंच जागा सोडून पुठ्ठ्याची उथळ पेटी करा. तिच्यात दगड, झाडाच्या साली, वाळलेली मुळे, कागदाचा लगदा, हवे ते मांडा आणि वरून एक छोटा एलईडी दिवा सोडा. काचेतून पाहताना ही सजावट पाण्यातच आहे असे वाटते. पाण्याशी तिचा संबंध नसल्यामुळे फेविकॉल, पोस्टर कलर, काहीही वापरले तरी माशाला धोका नाही. विजेची वायर मात्र टाकीच्या पातळीखाली लोंबती ठेवून मग वर सॉकेटकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही.

दगड: काळा दिसला म्हणजे चालला असे नाही

प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावर वसलेले संगमनेर दख्खनच्या काळ्या पाषाणावर उभे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाण्यात सहसा काही सोडत नाही. नदीतला गुळगुळीत, एकसंध काळा गोटा टाकीसाठी उत्तम.

लक्ष द्यायचे ते पांढऱ्या भागाकडे. आपल्याकडच्या दगडात छोटी छिद्रे असतात आणि त्यांत पांढरे खडे भरलेले दिसतात. ते झिओलाइट किंवा गारगोटी असेल तर काळजी नाही. कॅल्साइट असेल तर ते चुन्याचे खनिज आहे आणि हळूहळू पाण्यात उतरते. नदीकाठच्या मातीत मिळणारे पांढरट, ओबडधोबड चुनखडीचे खडेही तसेच.

घरातल्या फरशीचे तुकडे वापरण्याचा मोह अनेकांना होतो. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. कोटा तोच. स्वयंपाकाच्या ओट्याला असतो तो काळा कडप्पासुद्धा चुनखडीचाच, दिसायला मात्र तो पाषाणासारखा. संगमरवरही याच घराण्यातला. ग्रॅनाइट मात्र चालतो.

ओळखायचे कसे? दगड धुऊन कोरडा करा, खिळ्याने थोडा खरवडा आणि त्या जागी व्हिनेगरचे काही थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे. व्हिनेगर सौम्य असते, त्यामुळे शंका उरली तर आम्ल असलेल्या टॉयलेट क्लीनरचा एक थेंब टाकून बघा. हातमोजे घाला, हे काम मोकळ्या हवेत करा, ब्लीचिंग पावडर जवळ आणू नका आणि तपासलेला तुकडा टाकीत वापरू नका.

चुन्याचा दगड प्रत्येक माशाला मारतो असे नाही. मॉली, गप्पी आणि आफ्रिकन सिक्लिड यांना जड पाणी मानवते. एंजल, टेट्रा, फायटर यांना ते नको असते. बोअरचे पाणी आधीच जड असेल तर त्यात आणखी चुन्याची भर घालण्यात अर्थ नाही.

दगड स्वच्छ करताना ब्रशने घासा आणि गरम पाणी ओता. गॅसवर किंवा विस्तवात तापवू नका. छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो.

थर्माकोल: विष कमी, जोर जास्त

पांढरा थर्माकोल पाण्यात विरघळत नाही आणि कुजत नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली. तेव्हा नवे शीट शोधत फिरण्यापेक्षा टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात आलेले जाड तुकडे वापरा. रंगीत, छापील किंवा औषधांच्या, कीटकनाशकांच्या खोक्यातले तुकडे घेऊ नका.

थर्माकोलची खरी अडचण त्याच्या हलकेपणात आहे. हिशेब करून बघा. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर जाड तुकडा ९ लिटर जागा व्यापतो. त्याच्या खाली आणि मागे पाणी शिरले की तो जवळपास ९ किलोच्या जोराने वर उसळतो. त्यावरच्या पाच-सहा मिलिमीटर सिमेंटचे वजन दोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे सिमेंटच्या वजनाने तो खाली राहणार नाही, काचेला पक्का चिकटवावाच लागेल. अर्धवट सुटलेला बॅकग्राऊंड जास्त वाईट. त्याच्या मागच्या फटीत मासा अडकतो आणि तिथे साचलेली घाण सडते.

उघडा थर्माकोल आत ठेवू नका. गोल्डफिश आणि ऑस्कर तो टोचतात, सकर मासा खरवडतो, आणि सुटलेले दाणे माशांच्या पोटात जातात. कोरताना निघालेला भुगाही गोळा करून कचऱ्यात द्या, गटारात सोडू नका.

सिमेंट: थांबायची तयारी असेल तरच

ताजे सिमेंट पाण्यात चुना सोडते आणि त्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जाऊ शकतो. बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांना साधारण ६.५ ते ८ पर्यंतचे पाणी लागते. पण पीएच वाढल्यावर मासे मरतात ते फक्त चुन्यामुळे नाही. टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होत असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना त्यातला १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ ला सुमारे ३६ टक्के. अमोनिया तेवढाच, पण पीएच दोन अंकांनी वाढला की त्याचे विष साठ पटींच्या आसपास वाढते. काल ठीक असलेले मासे आज का गेले, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

म्हणून साधे सिमेंट घ्या. वॉटरप्रूफिंगचे द्रव, पावडर किंवा टाइल चिकटवायचे तयार मिश्रण घालू नका, कारण त्यात काय काय आहे हे आपल्याला कळत नाही. गवंडी स्लॅबला जसे पाणी मारतात तसे या सिमेंटलाही निदान सात दिवस ओले ठेवा, नाहीतर तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. नंतर ते पाण्यात बुडवून ठेवायचे आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे. याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. दिवस मोजण्यापेक्षा पीएच मोजा.

चिकटवायला काय वापरायचे?

काचेचे दुकान आणि हार्डवेअर, दोन्हीकडे सिलिकॉन मिळते. ट्यूबवर बुरशीरोधक, सॅनिटरी किंवा बाथरूमसाठी असे लिहिले असेल तर ते घेऊ नका. बुरशी मारणारे औषध त्यातच मिसळलेले असते. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे साधे काचेचे सिलिकॉन टाक्या जोडायला वापरतात, ते चालते. मात्र ते सिमेंटवर नीट धरत नाही, कारण त्यातले आम्ल सिमेंटच्या चुन्याशी भिडते. त्यामुळे सिलिकॉन काच आणि कोरा थर्माकोल यांच्यामध्ये लावा आणि सिमेंट पुढच्या बाजूला ठेवा.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जाते. वरून बोटाला कोरडे लागले तरी आत ओले असू शकते, मोठ्या तुकड्याखाली तर नक्कीच. निदान एक आठवडा द्या आणि वास पूर्ण गेला याची खात्री करा.

पांढरा फेविकॉल पाण्यात मऊ पडतो. चपला, सनमायका चिकटवायचे पिवळे रबरी सोल्यूशन थर्माकोल खाऊन टाकते, पेट्रोल आणि थिनरही तेच करतात. एम-सीलसारखी इपॉक्सी लहान सांध्याला चालते, पण दोन्ही भाग समान मळले पाहिजेत. प्रमाण चुकले तर न सुकलेला भाग पाण्यात उतरत राहतो.

रंग: "शेवाळ धरत नाही" हीच धोक्याची खूण

बाहेरच्या भिंतींच्या रंगाची जाहिरात आठवा: बुरशी नाही, शेवाळ नाही. हा गुण रंगात मिसळलेल्या जीवनाशकांमुळे येतो. घराच्या भिंतीला ते चांगले, टाकीत मात्र तेच औषध माशांच्या आणि गोगलगायींच्या वाट्याला येते. ऑइल पेंट, स्प्रे पेंट आणि धातूची चमक असलेले रंगही आत नकोत.

आतल्या बॅकग्राऊंडला रंग द्यायचा सोपा मार्ग म्हणजे सिमेंटमध्येच रंग मिसळणे. फरशीसाठी मिळणारे लाल, पिवळे आणि काळे ऑक्साइड हे लोखंडाचे असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. ते कोरड्या सिमेंटमध्ये थोड्या प्रमाणात कालवा. हिरवा आणि निळा रंग टाळा. तो कशाचा आहे हे सुट्या पुडीवरून कळत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत खरे शेवाळ येऊन हिरवा रंग फुकट मिळतोच.

तांब्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. संगमनेर परिसरात डाळिंबाच्या बागा आहेत आणि बागेत बोर्डो मिश्रण मारले जाते. त्यातला मोरचूद म्हणजे तांब्याचेच क्षार. ते मिश्रण कालवलेली बादली, ब्रश किंवा फवारणीचे डबे या कामाला घेऊ नका. कोळंबी आणि गोगलगाय तांब्याच्या अगदी थोड्या अंशानेही मरतात, आणि मऊ पाण्यात मासेही.

बाकीच्या वस्तू, एका नजरेत

• बिनरंगी कौले, कुंड्या, मडक्याचे तुकडे: चालतात. चकाकी किंवा रंग असलेले नकोत.
• प्लास्टर ऑफ पॅरिस: नको. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास विरघळते, पाणी जड करते आणि हळूहळू ढासळते.
• शाडूची कच्ची माती: नको. पाण्यात विरघळून गाळ होतो.
• पीव्हीसी पाइपचे तुकडे: चालतात. त्यांना जोडायचे सोल्यूशन मात्र पूर्ण सुकू द्या.
• फ्लेक्स बॅनर: फक्त टाकीच्या बाहेर.
• नारळाची करवंटी: उकळून, पाणी बदलून वापरता येते. पाण्याला तपकिरी रंग येतो, तो घातक नाही.
• ताजे लाकूड, बांबू: नको. कुजते.
• लोखंडी जाळी, खिळे, तांब्याची तार: नको.
• शंख-शिंपले: चुन्याचेच असतात. जड पाण्यातल्या माशांपुरतेच.

दोन बादल्यांची चाचणी

कोणतीही वस्तू टाकीत घालण्याआधी हे करा.

१. दोन स्वच्छ प्लास्टिक बादल्या घ्या. साबण किंवा औषध कधीही न लागलेल्या.
२. दोन्हींत एकाच नळाचे, एक दिवस साठवलेले पाणी समान भरा.
३. एकीत तुमची वस्तू बुडवा, दुसरीत काहीच नको. दोन्ही झाकून सावलीत ठेवा.
४. सात दिवसांनी दोन्ही बादल्यांतल्या पाण्याची तुलना करा: वास, रंग, वरचा तेलकट तवंग, फेस.
५. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या किटने दोन्हींचा पीएच मोजा. टीडीएस मीटर असेल तर तोही आकडा घ्या.

दोन्ही बादल्या सारख्या निघाल्या तर वस्तू पुढे जाऊ शकते. फरक दिसला तर पाणी बदलून पुन्हा सात दिवस ठेवा. दर आठवड्याला फरक कमी होत असेल, जसा सिमेंटमध्ये होतो, तर वाट बघा. कमी होत नसेल तर ती वस्तू सोडून द्या.

दुसरी बादली का? साठवलेल्या पाण्याचा पीएच आपोआपही थोडा बदलतो. तुलनेला साधे पाणी नसेल तर दोष वस्तूचा की पाण्याचा हे कळणार नाही. आणि टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. कीटकनाशक, थिनर किंवा बुरशीनाशक त्याला दिसत नाही. म्हणून संशयास्पद वस्तू मीटरच्या भरवशावर पास करू नका. "एक स्वस्तातला मासा सोडून बघू" हीदेखील चाचणी नव्हे. मासा दोन दिवस जगला म्हणजे वस्तू सुरक्षित ठरत नाही.

आत लावायचाच असेल तर कामाचा क्रम

१. टाकी रिकामी आणि कोरडी असतानाच काम करा. पाणी भरलेल्या टाकीत काही चिकटत नाही.
२. थर्माकोल टाकीच्या मापापेक्षा थोडा लहान कापा, कारण सिमेंटची जाडी वाढणार आहे. फिल्टरच्या पाइपला जागा ठेवा.
३. कोरताना तोंडाला मास्क लावा. गरम तारेने कापायचे असेल तर मोकळ्या हवेत, कारण त्याचा धूर घातक असतो.
४. तुकडे काचेला सिलिकॉनने चिकटवा आणि चारही कडा बंद करा. एक आठवडा थांबा.
५. पहिला सिमेंटचा हात दुधासारखा पातळ, पुढचे दोन-तीन हात थोडे घट्ट. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. हातमोजे घाला, ओले सिमेंट कातडी जाळते.
६. सात दिवस ओलसर ठेवा.
७. टाकी पाण्याने भरा. बॅकग्राऊंड सुटतो का, हे याच वेळी कळते.
८. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. ४८ तास तसेच ठेवलेल्या पाण्याचा पीएच साध्या बादलीएवढा आला की हे काम संपले.
९. मग फिल्टर सुरू करून टाकी मुरू द्या, आणि मासे थोडे थोडे सोडा.

मासे धापा टाकू लागले तर

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले भरभर हलत असतील किंवा मासे काचेवर आपटत असतील तर उद्याची वाट बघू नका. साठवलेल्या, क्लोरीन गेलेल्या आणि साधारण त्याच तापमानाच्या पाण्यात मासे हलवा. तसे पाणी कमी असेल तर निदान टाकीतले एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदला आणि एअर पंप जोरात चालू ठेवा. मग पीएच मोजा. तो वाढलेला असेल तर टाकीत व्हिनेगर किंवा लिंबू ओतू नका. पीएच एकदम खाली आला तर तो धक्का माशांना वेगळा बसतो. पीएच ठीक असेल आणि वास किंवा तवंग असेल तर रसायनाचा संशय धरा. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालता येतो, पण कारण टाकीतून बाहेर काढल्याशिवाय त्याचा उपयोग तात्पुरताच.

नेहमीचे दोन प्रश्न

*जुन्या, मासे असलेल्या टाकीत बॅकग्राऊंड बसवता येईल का?* आतला नाही. मासे दुसरीकडे हलवून, टाकी रिकामी करून महिना-दीड महिना काढायची तयारी असेल तरच. नाहीतर बाहेरचा लावा.

*सिमेंटवर वार्निश किंवा इपॉक्सीचा थर दिला तर वाट बघायला नको ना?* पूर्ण सुकलेला इपॉक्सीचा अखंड थर चुना अडवतो. पण एक बारीक भोक राहिले तरी झिरपणे सुरू होते, आणि इपॉक्सी नीट सुकली नाही तर नवाच प्रश्न उभा राहतो. थर दिला तरी बादलीची चाचणी आणि पीएच मोजणे चुकत नाही.

सामानाचा खर्च फार नाही. या कामात खर्च होतो तो वेळ. तो वाचवायचा असेल तर बॅकग्राऊंड काचेच्या मागे लावा, आजच संध्याकाळी होईल. आत लावायचा असेल तर मासे आणायची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका. ती तारीख बादलीतल्या पाण्याला ठरवू द्या.